पडत्या काळातली सोबत

प्रस्तावना

खेळाडू यशाच्या शिखरावर असताना त्याच्याभोवती गर्दी जमते. तो अपयशी ठरू लागला की गर्दी पांगते आणि मागे उरतो तो खरा रसिक. सचिन तेंडुलकर यांच्या २००३-०४ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्याच्या आधारे या पाठात आपण रसिकाच्या निष्ठेचा विचार करणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही –
• अपयशामागील दोष आणि दुर्दैव यांतील फरक सांगू शकाल;
• आंधळी भक्ती आणि डोळस निष्ठा यांची तुलना करू शकाल.

मूळ पाठ

नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून छत्तीसगडात अनेक मराठी कुटुंबे स्थायिक झाली. रायपूरच्या पंडरी भागातील कापडबाजारात काम करणारा असाच एखादा मराठी क्रिकेटरसिक डोळ्यांसमोर आणा. त्या काळी रायपुरात आंतरराष्ट्रीय सामना होत नसे. दूरचित्रवाणी, आकाशवाणी आणि दुसऱ्या दिवशीचे वृत्तपत्र एवढाच त्याचा आधार. सिडनीचा सामना भारतीय वेळेनुसार पहाटे पाच वाजता सुरू होई. जानेवारीच्या थंडीत पांघरूण दूर सारून उठायचे, ते आवडत्या फलंदाजाला पुन्हा एकदा लवकर बाद होताना पाहण्यासाठी, अशी त्या दिवसांतली स्थिती होती.

२००३ हे वर्ष मोठे विचित्र होते. त्याच वर्षीच्या विश्वचषक स्पर्धेत तेंडुलकरांनी ६७३ धावा करून स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान मिळवला होता. कसोटी क्रिकेटमध्ये मात्र वर्षभरातील नऊ डावांत त्यांच्या केवळ १५३ धावा झाल्या. सरासरी अवघी १७. ऑस्ट्रेलियातील पहिल्या तीन कसोटींतील धावा होत्या ०, १, ३७, ० आणि ४४. अ‍ॅडलेडला राहुल द्रविड यांनी द्विशतक काढले, मेलबर्नला वीरेंद्र सेहवाग यांनी १९५ धावा केल्या. सहकारी तळपत असताना तेंडुलकरांचे अपयश अधिकच उठून दिसू लागले. ‘आता संपला’ असे म्हणणाऱ्यांचा आवाज वाढला.

अशा वेळी रसिकापुढे दोन सोप्या वाटा असतात. एक, पाठ फिरवण्याची. दुसरी, सारा दोष नशिबाच्या माथी मारण्याची. डोळस रसिक दोन्ही टाळतो. तो प्रत्येक डाव वेगळा करून पाहतो. ब्रिस्बेनचे शून्य पंचांच्या वादग्रस्त पायचीत निर्णयामुळे पदरी पडले होते. मेलबर्नच्या पहिल्या डावात लेग बाजूने जाणारा चेंडू बॅटला निसटता लागून यष्टीरक्षकाच्या हाती गेला. ही दुर्दैवाची बाजू झाली. परंतु काही वेळा ऑफ यष्टीबाहेरच्या चेंडूला बॅट लावण्याचा मोह नडला होता. तो दोष होता. धावफलक दोन्ही शून्ये सारखीच लिहितो. त्यांतील भेद ओळखण्याचे काम पाहणाऱ्याचे असते.

हाच भेद खुद्द फलंदाजानेही ओळखला. उणीव तंत्रात नसून फटक्यांच्या निवडीत आहे, असे थोरले बंधू अजित यांचे मत होते. २ जानेवारी २००४ रोजी सिडनीची कसोटी सुरू झाली, तेव्हा तेंडुलकरांनी आपला सर्वांत देखणा कव्हर ड्राइव्ह बाजूला ठेवला. गोलंदाज ऑफ यष्टीबाहेर चेंडू टाकून त्यांना मोहात पाडू पाहत होते. ते चेंडू सोडून देत राहिले. अखेर गोलंदाजांनाच दिशा बदलावी लागली आणि बहुतांश धावा लेग बाजूला निघाल्या. पहिल्या दिवसअखेर ७३, दुसऱ्या दिवसअखेर २२० आणि शेवटी ४३६ चेंडूंत नाबाद २४१! व्ही. व्ही. एस. लक्ष्मण यांच्यासह त्यांनी ३५३ धावांची भागीदारी केली. दुसऱ्या डावातही ते ६० धावांवर नाबाद राहिले. सामना अनिर्णित राहिला व मालिका १-१ अशी बरोबरीत सुटली.

ही खेळी त्यांच्या इतर खेळींइतकी नेत्रसुखद नव्हती. ज्याला केवळ फटक्यांची आतषबाजी हवी होती, त्याला ती संथ वाटली असेल. पण मागचे पाचही डाव ज्याने मन लावून पाहिले होते, त्याला सोडून दिलेल्या प्रत्येक चेंडूचा अर्थ कळत होता. पडत्या काळात केलेल्या सोबतीचे हे फळ होय. यश सर्वांनाच दिसते. त्या यशाची किंमत मात्र अपयशाच्या साक्षीदारालाच उमगते.

पुढे मार्च २०२१ मध्ये निवृत्त खेळाडूंच्या स्पर्धेसाठी तेंडुलकर रायपूरच्या मैदानावर उतरले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघाने अंतिम सामना जिंकला. ज्यांना एकेकाळी पहाटे पडद्यावरच पाहिले, ते रायपूरकर रसिकांच्या दारी आले होते.

शब्दार्थ

अंमल – राजवट, सत्ता
डोळस – विचारपूर्वक पाहणारा
मोह नडणे – मोहामुळे नुकसान होणे
नेत्रसुखद – डोळ्यांना आनंद देणारे

पाठगत प्रश्न

१. ‘२००३ हे वर्ष मोठे विचित्र होते’, असे का म्हटले आहे?
२. सिडनीला तेंडुलकरांनी कोणता फटका टाळला? त्याचा गोलंदाजीवर काय परिणाम झाला?

स्वाध्याय

१. ‘धावफलक दोन्ही शून्ये सारखीच लिहितो’ या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
२. तुमच्या परिचयातील एखाद्या व्यक्तीचे अपयश आठवा. त्यात दोष किती व दुर्दैव किती, याचा विचार करून दहा ओळी लिहा.