आधी टब, मग टँक

सातारा असो की सांगली, विकत आणलेला मासा दगावला की दुकानदाराचं उत्तर तयार असतं: "तुमच्या पाण्यातच दोष आहे." या वाक्याचा मला संताप येतो, कारण ते बोलायला काही तपासावं लागत नाही. कोलकाता, चेन्नईतलं कोळत्तूर, मुंबई, पुणे अशा ठिकाणांहून मासे हातोहात, दर ठिकाणी पाणी बदलत आपल्याकडे येतात. दुकानात गोल्डफिश काढलेली जाळी तशीच ओली मोलीच्या टाकीत बुडते. तरी दोष आपल्या नळाचा! म्हणून माझं म्हणणं असं, की नवा मासा चार आठवडे वेगळ्या टबात ठेवावाच. त्यानं जुने मासे वाचतात, आणि रोग कुठून आला तेही कळतं. एकाच नळाच्या पाण्यात जुने मासे ठणठणीत आणि टबातल्या नव्या माशावर ठिपके, असं दिसलं तर पाण्याला दोष देता येत नाही. फक्त टबातला अमोनिया किटनं तपासून तारखेसह लिहून ठेवा, नाहीतर तेवढंच निमित्त पुरतं.

"आठ दिवस पुरेत की," असं पुष्कळ जण म्हणतात. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगापुरतं पाहिलं तरी ते टिकत नाही. हा परजीवी माशाच्या त्वचेखाली बसतो, तिथं औषध पोचत नाही. वाढ झाली की तो गळून तळाशी चिकटतो, कवचात त्याची शेकडो पिल्लं होतात, आणि ती पोहत नवा मासा शोधतात तेवढ्या वेळातच औषध लागू पडतं. सुरुवातीला तो नुसता कल्ल्यांत असेल तर अंगावर एकही ठिपका दिसत नाही. २५-२६ अंशांना हे चक्र आठवड्याच्या आत फिरतं. पाणी गार असेल तसं ते लांबत जातं. जानेवारीत हिटर नसलेल्या टबात आठ दिवस काही दिसलं नाही, म्हणजे मासा निरोगी ठरला असं नाही. २०२२ मध्ये लंपीच्या साथीत राज्यभर जनावरांचे बाजार बंद झाले, तेव्हा धडधाकट दिसणारी गायही बाहेरून गोठ्यात आणायला शेतकरी धजत नव्हता. मग माशाच्या बाबतीत एवढी घाई का?

जागा आणि खर्चाची अडचण खरी आहे, पण लहान माशांना तीसेक लिटरचा प्लास्टिकचा टब चालतो. तळाला वाळू नको, लपायला पीव्हीसी पाइपचा तुकडा पुरे. स्पंज फिल्टर मात्र आधी जुन्या टँकमध्ये काही आठवडे चालवून घ्या. कोरा स्पंज अमोनिया आवरत नाही. मीठ सरसकट टाकू नका, लोच आणि कॅटफिशना ते सोसत नाही. "आमच्याकडे आठवडाभर ठेवलेलेच असतात," असं कुणी सांगितलं, तर ती टाकी आणि तिची जाळी वेगळी आहे का ते विचारा. पाणी गर्द निळं असेल तर औषध कशासाठी चालू आहे तेही विचारा. पिशवी तरंगत ठेवल्यानं फक्त तापमान जुळतं; त्यातलं पाणी टँकमध्ये ओतायचं नाही. टबाची जाळी आणि नळी टँकला लावू नका. नव्या वनस्पतीही थेट टँकमध्ये नकोत, त्यांच्या पानांवरूनही ठिपक्यांच्या परजीवीची कवचं येतात.