माळरानाकडे सहकुटुंब: काय करावे, काय टाळावे

गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. तिकडे सांगोल्यात पाचशे झाला तरी लोक समाधान मानतात. ढग सह्याद्रीवरच रिते होतात आणि पूर्वेला कोरडा मुलूख सुरू होतो. याच मुलखात, सोलापूरपासून बार्शी रस्त्याने वीस-बावीस किलोमीटरवर नान्नजचे माळढोक अभयारण्य आहे. ते १९७९ साली जाहीर झाले. कोल्हापूरकरांनी मुलाबाळांना घेऊन इथे जरूर जावे. फक्त आपल्या सोयीने नव्हे, माळाच्या वेळेने.

निघण्यापूर्वी

करा:
- नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडा. हवा सुसह्य असते आणि भोवत्यांसारखे शिकारी पक्षी हिवाळ्यासाठी माळावर आलेले असतात.
- मुक्काम आदल्या रात्री सोलापुरात ठेवा. पहाटे नान्नज गाठता आले पाहिजे. काळवीट, कोल्हे, लांडगे सकाळ-संध्याकाळीच हिंडतात.
- प्रवेशाच्या वेळा, परवानगी आणि वाटाड्याची सोय वनखात्याकडे आधी विचारून घ्या.
- टायरची हवा गाडी थंड असतानाच बघा. स्टेपनी आणि कूलंटही तपासा.
- माणशी तीन-चार लिटर पाणी, दुर्बीण, टोप्या आणि मातकट रंगाचे कपडे घ्या.

टाळा:
- एप्रिल-मे. सोलापूरचा पारा चाळिशी सहज ओलांडतो. लहान मुले आणि आजी-आजोबांचे हाल होतात.
- आषाढी-कार्तिकीचे दिवस. पंढरपूरच्या चारी बाजूंच्या रस्त्यांवर गर्दी असते, वाहतूकही वळवलेली असते.
- ‘माळढोक दिसणारच’ असे मुलांना सांगणे. देशात हा पक्षी दीडशेच्या आत उरला आहे, त्यातले बहुतेक राजस्थानात. महाराष्ट्रात तो दिसणे फार दुर्मीळ झाले आहे.

वाटेत

करा:
- मिरज, कवठे महांकाळ, सांगोला, मंगळवेढा हा रत्नागिरी–नागपूर महामार्ग धरा. ऊस मागे पडतो, द्राक्षबागा येतात, मग डाळिंब आणि ज्वारी. हा बदल मुलांना खिडकीतून टिपू द्या.
- मंगळवेढ्यात थांबा. दुष्काळात सरकारी धान्याची कोठारे रयतेसाठी उघडणाऱ्या दामाजीपंतांचे हे गाव. इथली मालदांडी ज्वारी नावाजलेली. हंगाम असेल तर हुरडा खा.
- डब्यात भडंग, दशम्या, लिंबू-मीठ-साखरेचे पाणी ठेवा. सोलापुरात कडक भाकरी आणि शेंगा चटणी मिळतेच.

टाळा:
- तापलेल्या इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण उघडणे. गाडी सावलीला लावा आणि थंड होऊ द्या.
- भर दुपारी रश्शावर ताव मारून लगेच स्टिअरिंगवर बसणे. सरळ रस्ता आणि ऊन, दोन्ही डोळा लावतात.
- धनगरांच्या मेंढरांमागे हॉर्न वाजवणे. कळप बिथरला तर मेंढरे चाकाखाली येतात. थांबा, वाट मिळते.

माळावर

करा:
- मळलेल्या वाटेनेच चाला. टिटवी गवताच्या मोकळ्या जागेत, खड्यांमध्ये अंडी घालते. मातकट रंग, त्यावर काळे ठिपके. दोन हातांवरूनही ती खडेच वाटतात. माळढोकाची मादी तर बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर.
- एका जागी अर्धा तास गप्प बसा. धाविक पक्षी तुरुतुरु पळतो आणि एकदम थांबतो. थांबला की मातीत मिसळून जातो. धीर धरणाऱ्या मुलालाच तो सापडतो.
- काळविटांचा कळप नीट पाहा: काळपट पाठीचा, पीळदार शिंगांचा नर आणि भुऱ्या, बिनशिंगी माद्या.
- पायात बूट आणि लांब पँट हवी. कुसळे मोज्यांतून थेट कातडीला टोचतात.

टाळा:
- फोटोसाठी कळपामागे धावणे, गाडी गवतात घालणे, ड्रोन उडवणे. माळढोक आणि काळवीट दोघेही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांना त्रास देणे हा गुन्हा आहे.
- मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवणे, प्राण्यांना बिस्किटे टाकणे.
- विडी-सिगारेट. वाळल्या गवताला एक ठिणगी पुरते.
- लांडग्याच्या बिळाचे ठिकाण समाजमाध्यमांवर टाकणे. गर्दी झाली की मादी पिले हलवते.

परतल्यावर

करा:
- पाहिलेल्या पक्ष्यांची यादी मुलांकडून लिहून घ्या आणि त्यांच्या शाळेत वाचायला सांगा.

टाळा:
- माळावर बीजगोळे फेकण्याची किंवा झाडे लावण्याची मोहीम. हेतू चांगला असतो, पण माळढोक आणि काळवीट लांबवर दिसणाऱ्या मोकळ्या गवतावरच सुरक्षित राहतात. झाडी वाढली की शत्रू उशिरा दिसतो आणि त्यांचे घर आक्रसते. झाडे गावात, शाळेत, बांधावर लावा. माळाला गवत राखूनच वाचवता येते, आणि हे कळलेली पिढी घडावी यासाठीच मुलांना तिथे न्यायचे.