जिम सोडू नका, डबा तपासा

“जिम लावली अन् तोंडावर पुटकुया आल्या. आता सोडून देऊ का जी?” मेळघाटातल्या धारणी, हरिसाल, बैरागडकडून येणारी तरुण मंडळी हा प्रश्न हमखास विचारतात. कुणी पोलीस किंवा वनरक्षक भरतीची तयारी करत असतो, कुणी शिक्षक असतो, एखादी नर्स असते. शाळेत असताना ज्यांच्या चेहऱ्यावर एक पुळी आली नाही, त्यांचे गाल, खांदे आणि पाठ तिशीच्या उंबरठ्यावर भरून येतात. मग दोष वजनांच्या माथी मारला जातो. माझं उत्तर ठरलेलं आहे: व्यायाम सोडू नका. व्यायामाबरोबर तुमच्या आयुष्यात आणखी काय काय शिरलं, ते आठवा.

आपल्या त्वचेत केसाच्या मुळाशी तेल तयार करणारी एक बारीक ग्रंथी असते. हार्मोन्सच्या प्रभावाने ती जास्त तेल सोडू लागते, छिद्राच्या तोंडाशी मृत पेशींचं बूच बसतं, आत साचलेल्या तेलावर तिथलेच जंतू वाढतात आणि सूज येते. हा झाला मुरूम. पंचविशीनंतरही तो येतो, बायकांना पुरुषांपेक्षा जास्त येतो. ब्लॅकहेडचा काळा ठिपका म्हणजे मळ नव्हे. हवा लागून काळं पडलेलं ते बूच असतं, त्यामुळे कितीही घासलं तरी जात नाही. जोरदार व्यायामानंतर टेस्टोस्टेरॉन थोडं वाढतं, पण थोड्या वेळात पूर्ववत होतं. तेवढ्याने चेहरा भरत नाही.

माझा पहिला संशय पावडरीवर असतो. व्हे प्रोटीन हे दुधातलंच प्रथिन, चीज करताना उरणाऱ्या पाण्यातून काढलेलं. ते पोटात गेलं की इन्सुलिन आणि त्याच्या जातकुळीतलं आयजीएफ-1 हे वाढीचं हार्मोन वाढतं, आणि ही दोन्ही तेलग्रंथींना चेतवतात. व्हे सुरू केल्यावर छाती-पाठीवर मुरूम उठले आणि बंद केल्यावर बसले, अशा रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. प्रत्येकाला हा त्रास होतो असं नाही, कित्येक जण वर्षानुवर्षं खातात आणि चेहरा स्वच्छ असतो. म्हणून स्वतःपुरती परीक्षा घ्या. पावडर दोन-तीन महिने पूर्ण बंद ठेवा, बाकी काही बदलू नका आणि त्वचेकडे लक्ष ठेवा. ‘मास गेनर’ नावाचा मोठा डबा असेल तर तो परीक्षेविनाच बंद करा, कारण त्यात प्रथिनापेक्षा साखरेच्या जातीचा मालच जास्त असतो आणि त्यानेही इन्सुलिन उसळतं.

“मग बॉडी कशी बनेल?” साधा हिशेब करू. वजनांचा व्यायाम करणाऱ्याला शरीराच्या दर किलोमागे दिवसाला 1.2 ते 1.6 ग्रॅम प्रथिनं पुरतात. साठ किलोच्या माणसाला ती 72 ते 96 ग्रॅम झाली. पन्नास ग्रॅम कोरड्या सोयावडीत 26 ग्रॅम, चार अंड्यांत 24, दोन वाट्या घट्ट तूरडाळीत 13, मूठभर शेंगदाण्यांत 7-8 आणि दीडशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरींत 15 ग्रॅम. बेरीज पंच्याऐंशीच्या घरात जाते, आणि यातली एकही वस्तू धारणीच्या बाजारात अपूर्वाईची नाही. सोयाबीन तर आपल्याच शेतात पिकतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली भारतीयांसाठी जी आहार-मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांतही शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडर टाळा, असंच सांगितलं आहे. अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून उभं आहे. तिथल्या चमूने 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली, तेव्हा व्हेचे डबे कुठे होते?

पावडर घ्यायचीच असेल तर निदान पॉलिथिनच्या पिशवीत भरलेली सुटी घेऊ नका. डब्यावर अन्नसुरक्षा परवान्याचा क्रमांक नसेल तर आत काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. अशा मालात स्टिरॉइडची भेसळ असू शकते.

आता सुईबद्दल, आणि हे मी कडकच लिहिणार आहे. जिममध्ये जिला ‘कोर्स’ किंवा ‘सायकल’ म्हणतात, ती टेस्टोस्टेरॉन, नँड्रोलोन, स्टॅनोझोलोल यांसारख्या अ‍ॅनाबॉलिक स्टिरॉइडची असते. काही आठवड्यांत खांदे, छाती आणि पाठीवर मोठ्या, दुखऱ्या, पू भरलेल्या गाठी उठल्या तर मी हा प्रश्न विचारणारच, आणि मला खरं उत्तर हवं आहे. तुमचं उत्तर तुमच्या घरी जाणार नाही. मुरूम ही यातली सगळ्यात किरकोळ हानी आहे. वृषण आक्रसतात, शुक्रजंतू घटतात, पुरुषाची छाती बाईसारखी वाढते, रक्तदाब चढतो, यकृत आणि हृदयाला धोका पोचतो. बायकांचा आवाज एकदा जाड झाला की बहुधा तसाच राहतो. ‘अंग भरायच्या’ म्हणून काही ठिकाणी सुट्या पुडीत मिळणाऱ्या गोळ्यांतही पुष्कळदा डेक्सामेथासोन असतं. ते स्टिरॉइड वेगळ्या जातीचं, पण त्यानेही छातीवर एकसारख्या लाल पुळ्या येतात. अशा गोळ्या बरेच दिवस घेतल्या असतील तर एकाएकी बंद करू नका. आधी डॉक्टरांना भेटा, त्या टप्प्याटप्प्याने कमी कराव्या लागतात. ताकदीची म्हणून घेतलेली बी-12 ची लाल सुईसुद्धा काहींच्या चेहऱ्यावर मुरूम उठवते.

त्यात भर पडते मलमाची. मुरूम आले की पोरं दुकानातून ट्यूब आणतात, आणि तीत स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं तिहेरी मिश्रण असतं. चार दिवसांत चेहरा गोरा आणि गुळगुळीत दिसतो, म्हणून माणूस खूश होऊन शेजाऱ्यालाही तीच सांगतो. दोन-तीन महिन्यांनी कातडी पातळ होते, लाल नसा दिसू लागतात, उन्हात आग होते आणि मुरूम पहिल्यापेक्षा जोरात येतात. ट्यूब थांबवली की चेहरा भडकतो, म्हणून माणूस पुन्हा तीच लावतो. सरकारने 2018 मध्ये स्टिरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. ती काउंटरवर किती पाळली जाते, हे तुम्हीच जाणता. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी एकही नाव असेल तर चेहऱ्याला लावू नका.

राहिला घाम. मे महिन्यात टिनाच्या शेडखाली चालणारी जिम डोळ्यांपुढे आणा. बाकड्याचं रेक्झिन फाटलेलं, त्यावर आधीच्या चौघांचा घाम, तुमचा नायलॉनचा टी-शर्ट पाठीला चिकटलेला, आणि ज्या दुपट्ट्याने बाकडं पुसलं त्यानेच तोंड. घामाने एकट्याने मुरूम होत नाहीत. ओल, उष्णता आणि घासणं एकत्र आलं की जिथे पट्टा, दांडा किंवा हेल्मेटची दोरी घासते, नेमके तिथेच ते उठतात. सुती, सैल बनियन घाला, बाकड्यावर आपलं स्वच्छ फडकं टाका, तोंड पुसायचा दुपट्टा वेगळा ठेवून रोज धुवा. व्यायाम झाला की गप्पा मारत ओल्या कपड्यांत बसू नका, लवकर आंघोळ करा. चेहरा दिवसातून दोनदा, सौम्य साबणाने, हाताने धुवा. काथ्याने किंवा दगडाने घासू नका. डोक्याचं तेल कपाळावर ओघळू देऊ नका.

पाठीवर आणि छातीवर एकाच मापाच्या बारीक पुळ्या असतील आणि त्या खाजत असतील, तर तो बहुधा मुरूम नसतो. केसांच्या मुळाशी वाढणारी ती यीस्ट असते, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात-पावसाळ्यात ती फार दिसते. अशा माणसाने मुरूम समजून अँटिबायोटिक घेतलं तर ती आणखी वाढते. तिच्यावर बुरशीविरोधी औषधच लागतं.

साध्या मुरमांवर बेन्झॉइल पेरॉक्साइड अडीच टक्क्यांचं जेल चांगलं काम करतं. त्याने टॉवेल आणि उशीच्या अभ्र्याचा रंग उडतो, तेव्हा पांढरे वापरा. रात्री अ‍ॅडापॅलीन जेल, वाटाण्याएवढं, अख्ख्या चेहऱ्याला. सुरुवातीला एक रात्र सोडून एक. गरोदरपणात हे जेल वापरू नये. पहिले काही आठवडे चेहरा कोरडा पडेल, मुरूम वाढल्यासारखेही वाटतील, तरी सोडू नका. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात, आणि बहुतेक लोक तिसऱ्या आठवड्यात ट्यूब फेकून देतात. मॉइश्चरायझर लावा, दिवसा सनस्क्रीन लावा. लिंबू, टूथपेस्ट आणि खायचा सोडा स्वयंपाकघरात आणि न्हाणीतच राहू द्या. मुरूम फोडू नका, आपल्या सावळ्या कातडीवर त्याचा काळा डाग महिनोन् महिने राहतो.

डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिन दिलं तर ते पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि घेतल्यावर लगेच आडवे होऊ नका. या गोळीने ऊन बाधतं, आणि वऱ्हाडचं ऊन वेगळं सांगायला नको. आयसोट्रेटिनॉइन हे सगळ्यात ताकदीचं औषध तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यायचं. त्यात यकृत आणि चरबीच्या रक्ततपासण्या लागतात, वजनं उचलणाऱ्यांचे स्नायू जास्त दुखू शकतात, म्हणून त्या काळात भार कमी करावा. औषध चालू असताना आणि थांबवल्यावर एक महिना बाईने गर्भ राहू देऊ नये, कारण बाळात गंभीर व्यंग येतं.

हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने मुरूम, पाळी मागेपुढे, ओठावर-हनुवटीवर राठ केस, असं एकत्र असेल तर पीसीओएसची, म्हणजे अंडाशयाशी निगडित हार्मोन्सच्या बिघाडाची, तपासणी करून घ्या. अशा बहिणींनी तर व्यायाम मुळीच सोडू नये, त्यांना तो औषधासारखा लागू पडतो.

विषय मुरुमांचा आहे, पण भरतीवाली पोरं वाचतायत तर एक सांगून टाकतो. मेळघाटात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. ग्राउंड किंवा जिम सुरू करण्याआधी ती तपासणी करून घ्या. नुसते वाहक असाल तरी भर उन्हात, पाणी न पिता जीव तोडून पळणं जिवावर बेतू शकतं.

मुरमांना जखमा पडल्या आणि सोबत ताप, सांधेदुखी असेल तर दिवस घालवू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. छाती-खांद्यावर गाठीसारखे जाड व्रण उठत असतील किंवा तीन महिन्यांच्या नेमाने केलेल्या उपचारानेही फरक नसेल, तर त्वचारोगतज्ज्ञ हवेतच. घाट उतरून अमरावतीला जाणं म्हणजे दिवस मोडणं, हे मला कळतं. तेव्हा आधी धारणीच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवा आणि ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवरून तज्ज्ञांचा सल्ला मिळतो का ते विचारा. कुठेही गेलात तरी पावडरीचा डबा, मलमाची ट्यूब, गोळ्यांची पुडी आणि सुई घेतली असेल तर तिची रिकामी बाटली पिशवीत घालून न्या.