वातानुकूलकातील कुबट वास आणि बुरशी

पावसाळ्यात मुंबईसारख्या किनाऱ्यावरील शहरांत वातानुकूलक सुरू करताच पहिली काही मिनिटे ओल्या गोणपाटासारखा कुबट वास येतो, हा अनुभव आता अनेक कुटुंबांच्या परिचयाचा झाला आहे. बहुधा उदबत्ती लावून किंवा सुगंधी फवारा मारून त्यावर पडदा टाकला जातो. परंतु हा वास म्हणजे यंत्राच्या पोटात बुरशी व सूक्ष्मजंतू वाढत असल्याची सूचना होय. बुरशीचे बीजाणू हवेच्या झोताबरोबर खोलीत पसरतात आणि दम्याच्या रुग्णांना त्यांचा विशेष त्रास होतो.

बुरशीला अन्न म्हणून साधी धूळही पुरते. तिला हवे असते पाणी, आणि ते हे यंत्रच पुरविते. वस्तुतः यंत्राचा जन्मच हवेतील दमटपणा आवरण्यासाठी झाला. १९०२ साली विलिस कॅरिअर या अमेरिकन अभियंत्याने ब्रुकलिन येथील एका छापखान्यासाठी ते आखले. दमट हवेने कागद फुगून तेथील रंगीत छपाई बिघडत असे. ३० अंश सेल्सिअस तपमानाच्या आणि ८० टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम बाष्प असते. १२ अंशांवर तेवढ्याच हवेत जेमतेम ११ ग्रॅम मावते. उरलेले पाणी यंत्रातील थंड नळ्यांवर सुटते, खालच्या पन्हळीत उतरते आणि निचऱ्याच्या नळीवाटे बाहेर जाते. या वाटेत ते जेथे अडेल तेथे वासाचे मूळ शोधावे.

एका परिचितांच्या घरी दोन वेळा यंत्र धुऊनही वास हटेना. अखेर यंत्र निचऱ्याच्या विरुद्ध बाजूस बोटभर कललेले आढळले. पन्हळीच्या एका टोकास सदैव पाणी साचून तेथे बुळबुळीत थर जमला होता. यंत्र सरळ करून पन्हळ साफ करताच तक्रार मिटली. बसविताना पाणसळ लावून पाहण्याचे काम दोन मिनिटांचे असते, पण ते क्वचितच होते!

पावसाळ्यात जाळी दर पंधरवड्यास धुऊन सावलीत पूर्ण वाळवावी. नळ्या व पंख्याचे नळकांडे पावसापूर्वी जाणकार कारागिराकडून, वीज बंद करून, स्वच्छ करून घ्यावे. तेथे ब्लीचिंग वापरू नये. त्याने ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या खराब होतात, आणि ते आम्लात मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू निघतो. यंत्र बंद करण्यापूर्वी अर्धा तास नुसता पंखा चालवावा, म्हणजे नळ्या वाळतात.

तपमान १८ अंशांवर ठेवण्याची हौसही महागात पडते. भिंती गार होतात आणि खिडकी उघडताच बाहेरच्या दमट हवेतील पाणी त्यांच्यावर, विशेषतः कपाटामागे, धरते. भारतात १ जानेवारी २०२० पासून नव्या यंत्रांत २४ अंश हे मूळ तपमान ठरविलेले आहे. तेवढे पुरेसे आहे. पावसाळी दिवसांत 'ड्राय' ही योजना अधिक उपयोगी पडते. स्वस्त आर्द्रतामापक घरात ठेवून आकडा ६० टक्क्यांखाली राहतो की नाही, हे पाहावे.

एवढे करूनही त्याच कोपऱ्यात काळे डाग उमटत असतील, तर दोष यंत्राचा नसून बाहेरील भिंतीच्या भेगेचा किंवा गच्चीच्या गळतीचा असण्याचा संभव अधिक. तेव्हा यंत्राच्या कारागिराऐवजी गृहनिर्माण संस्थेच्या चिटणीसांकडे लेखी तक्रार द्यावी.