डोंगरवटींतील हळद कां उणी होते?

महाड व पोलादपूर तालुक्यांच्या डोंगरउतारांवर पिकें टिकत नाहींत, ह्याचा दोष पुष्कळ जण रानडुकरांस व वानरांस देतात. नाचणी, वरी व भात ह्यांविषयीं तो खरा आहे. परंतु हळदीच्या उग्र कंदास हीं जनावरें बहुधा तोंड लावीत नाहींत. तरी हळदीचे वाफे कां मोडतात? ह्याचीं कारणें आपण पाहूं.

पहिलें कारण पाणी. हळदीस पाऊस हवा, परंतु मुळाशीं सांचलेलें पाणी तिला सोसत नाहीं. पाणी तुंबलें म्हणजे बुरशी वाढते, पानें पिवळीं पडतात व कंद कुजतो. सन २०२१ च्या जुलैंत सावित्रीच्या उगमाशीं, महाबळेश्वरीं, एका दिवसांत सुमारें ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच पावसांत, २२ जुलैस, तळिये, केवनाळे व साखर-सुतारवाडी येथें दरडी कोसळल्या. अशा वृष्टींत सपाट वाफ्याचा निभाव कसा लागावा?

दुसरें कारण बेणें. एकरास सुमारें १० क्विंटल कंद लागतात. रोगट बेणें लाविलें तर रोगही पुन्हां उगवतो. आणि घरचें बेणें गेलें तर नवें घेण्यास रोकड नसते.

तिसरें कारण सर्वांत जड, तें म्हणजे माणसांची उणीव. हळद आठ-नऊ महिने शेतांत असते. नंतर ती खणणें, उकडणें, वाळविणें व घोळणें आहेच. पांच मण ओल्या हळदीची सुकी हळद सुमारें एक मण भरते. तरणे हात मुंबईस किंवा महाडच्या कारखान्यांत गेले. घरीं राहिलेल्या वृद्धांस हें काम झेपत नाहीं. शिवाय हळदीची मोठी पेठ सांगलीस, घाटापलीकडे. दोन पोत्यांसाठीं तेथवर कोण जाईल?

मग उपाय काय? उंच गादीवाफे करावे व उतारास चर काढावे. निरोगी कंद बेण्यासाठीं निराळे राखावे व त्यांस लावणीपूर्वीं ट्रायकोडर्मा चोळावें. दरवर्षीं जागा पालटावी. गेलेले हात परत येतीलच असें नाहीं. परंतु भातलावणीस आपण सावड करितों, तशी हळदीसही करावी. सर्व वाडीची काहील एक असावी, व माल एकाच गाडींतून पेठेस जावा.

विचारासाठीं प्रश्न : आपल्या वाडींत हळद कोणत्या कारणानें सुटली? ह्या वर्षीं सावडीस कोणतीं चार घरें मिळतील?