रणातील खोटे पाणी, खरे पाणी

वैशाखात धुळे-जळगावच्या सडकेवर भर दुपारी पाणी चमकलेले तुम्ही पाहिले असेलच. सुरतमार्गे कच्छला गेलात, तर रणातही हेच मृगजळ भेटेल. तापलेल्या जमिनीलगतची हवा विरळ होते. आकाशाकडून तिरपे येणारे किरण तेथे वक्रीभवनाने वर वळून डोळ्यांत शिरतात. म्हणजे दिसते ते पाणी नव्हे, आकाश!

मांडवीच्या समुद्रकिनाऱ्यावर पाणी अथांग, पण खारे. मग रणातील खदीर बेटावरचे धोलावीरा हे हडप्पाकालीन नगर सुमारे ४५०० वर्षांपूर्वी कशावर जगले? मानसर व मनहर या पावसाळी ओढ्यांवर बांध घालून तेथील लोकांनी पाणी तलावांत साठवले. काही तलाव तर खडकात कोरलेले आहेत. २०२१ पासून जागतिक वारसा ठरलेल्या या अवशेषांत ते अवश्य पाहा. आपल्या गावचे पावसाचे पाणी कोठे जाते, तेही शोधा.