मानेला लावण्याआधी

मोरोक्कोच्या नावावर विकले जाणारे परफ्यूम बहुधा एकच चित्र दाखवतात: माराकेशची गच्ची, सैल काफ्तान, चांदीचे जाड दागिने, कडू संत्र्याची फुलं. हे चित्र साठच्या दशकात घडलं. फॅशनकार इव्ह सां लोरां १९६६ मध्ये माराकेशला गेला, तिथे रमला, आणि १९८० मध्ये त्याने जोडीदार पिएर बर्जे यांच्यासह तिथली माजोरेल बाग विकत घेतली. त्या मोकळ्या राहणीचा वास म्हणून आज जे विकलं जातं, ते बरेचदा मऊ, पावडरी असतं. धुऊन वाळवलेल्या सुती कपड्यांच्या कपाटासारखं. मला हा वास मनापासून आवडतो. तो आवडणाऱ्यांसाठीच हे लिहिते आहे.

माराकेशच्या बाजारात मेणासारख्या घट्ट सुगंधी वड्या मिळतात. अंबर, कस्तुरी, जाई अशी त्यांची नावं. लोक त्या कपड्यांत ठेवतात, अंगालाही चोळतात. ‘अगदी नैसर्गिक आहे, त्वचेला काही होत नाही,’ असं विक्रेत्याने मला सांगितलं. वडीवर ना घटकांची यादी होती, ना बनवणाऱ्याचं नाव. घरी आल्यावर मी ती रोज मानेला आणि मनगटाला लावू लागले. आधी खाज सुटली, मग लाल चट्टे उठले, आणि त्यांतून पाणी येऊ लागलं. त्वचारोगतज्ज्ञांनी पॅच टेस्ट केली: निरनिराळ्या द्रव्यांच्या पट्ट्या पाठीवर ४८ तास चिकटवून ठेवायच्या आणि मग त्वचा पाहायची. जिथे सुगंधी द्रव्यांच्या मिश्रणाची पट्टी होती, ती जागा लालबुंद झाली होती.

‘नैसर्गिक’ या शब्दावर विसंबू नका, हे मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे. गुलाबाच्या तेलात जिरॅनिऑल असतं, लवंगेत युजेनॉल. दोन्ही अस्सल निसर्गातली आणि दोन्ही अ‍ॅलर्जी आणू शकणारी. केलात मगूनाच्या खोऱ्यातला शुद्ध गुलाबही त्याला अपवाद नाही. शरीराने एखादं द्रव्य एकदा शत्रू मानलं की ते वैर बहुधा जन्मभर टिकतं. म्हणूनच युरोपने २००३ मध्ये अशा २६ द्रव्यांची नावं वेष्टनावर छापणं बंधनकारक केलं, आणि २०२३ मध्ये ही यादी आणखी वाढवली. खोक्याची मागची बाजू वाचा. यादी नसेल तर ती वस्तू कपाटात ठेवा, अंगाला लावू नका.

अस्सलपणाचे दावेही तपासून घ्या. पावडरी वासाचा एक उत्तम स्रोत म्हणजे आयरिसची मुळं. मोरोक्कोतही ती पिकतात, पण सोलून, वाळवून वर्षानुवर्षं मुरवल्यावरच त्यांना तो गंध येतो. स्वस्त वडीत ती असणं कठीण. ‘अंबर’ म्हणून मिळतं ते सहसा राळ आणि व्हॅनिला यांच्या वासाचं मिश्रण असतं. आणि कुणी खरं अंबर म्हणून व्हेल माशाची उलटी किंवा हरणाची कस्तुरी देऊ केली, तर हात जोडून निघा. आपल्याकडे वन्यजीव कायद्याखाली दोन्ही बाळगणं गुन्हा आहे. महाराष्ट्रात व्हेलच्या उलटीपायी लोकांना अटक झाल्याच्या बातम्या आपण वाचतोच.

नवा सुगंध घेतलात तर कोपराच्या आतल्या बाजूला, एकाच जागी, आठवडाभर दिवसातून दोनदा लावून पाहा. एका दिवसात काही झालं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. ही अ‍ॅलर्जी सावकाश येते. ज्यांना आधी त्रास झाला आहे, त्यांनी अत्तराचा फाया कानातही ठेवू नये. सुती ओढणीच्या टोकाला लावावं, रेशमाला नाही, डाग पडतो.

पुरळ आलंच तर औषधाच्या दुकानातून स्टेरॉइडचं मलम आणून स्वतःच लावत बसू नका. वडी किंवा बाटली फेकूनही देऊ नका. ती डॉक्टरांकडे घेऊन जा. नेमकं काय बाधलं हे शोधायला त्यांना तीच लागते.